कुंडीचे वाहतूक नियंत्रक

काही माणसांना फुलं आवडतात, काहींना फुलांचा वास आवडतो, काहींना ती देवाला वाहण्यापुरती लागतात. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, वेळेवर आलेली फुलं आवडतात. साताऱ्याच्या घरातला पारिजातक त्यांना मान्य आहे, कारण तो उजाडायच्या आत सडा टाकून मोकळा होतो. मोगऱ्याबद्दल मात्र त्यांचं मत बरं नाही. "त्याचं काही नक्की नसतं," असं ते सांगतात, आणि तेही अशा आवाजात, की मोगऱ्याच्या जागी एखादा भाचा असावा आणि त्याचं लग्न जमवायचं चाललेलं असावं.

अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून आहे. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची तीच असते, गुरुजींनी सोयीनं लिहिलेली. पण १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, त्यामुळे अप्पा ह्याला योगायोग मानत नाहीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माईक घशातून गेलेला नाही. "जेवायला चला" हे वाक्यसुद्धा ते प्रवाशांनी लक्ष द्यावे अशा सुरात उच्चारतात. ताटात आधी वरणभात, मग पोळीभाजी, मग ताकभात. कोशिंबिरीनं मध्येच रांग मोडलेली त्यांना खपत नाही. बॅग भरताना शेवटी लागणारं तळाला, उतरल्या उतरल्या लागणारं वर. सासूबाईंनी एकदा त्यांचा टॉवेल तळाशी घातला होता, तो विषय अजून निघतो.

आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टरडॅमला खेटून असलेल्या ॲम्स्टलव्हेनला. अप्पा आणि सासूबाई पहिल्यांदा आले ते एका एप्रिलमध्ये. रिक्स म्युझियममध्ये अप्पांनी रेम्ब्रांटला चार मिनिटं दिली. स्टेशनवर मात्र ते गाड्यांच्या फलकाखाली तासभर उभे राहिले आणि एक गाडी तीन मिनिटं उशिरा आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते रेम्ब्रांटला जमलेलं नव्हतं. "इथंही होतं तर," ते म्हणाले.

सासूबाईंना क्युकेनहॉफ बघायचं होतं, कारण १९८१च्या ‘सिलसिला’मधलं ट्यूलिपच्या ताटव्यांमधलं गाणं तिथं चित्रित झालं होतं. अमिताभ नक्की कुठल्या वाफ्यापाशी उभा होता हे शोधण्यात त्यांची दुपार गेली. अप्पा मागे रेंगाळत होते. ३२ हेक्टर, दर शरदात हातानं लावलेले सुमारे ७० लाख कंद, आणि बाग उघडी फक्त आठेक आठवडे, एवढं त्यांनी माहितीफलकावरून उतरवून घेतलं. मग त्यांना खरी शंका आली. ट्यूलिप काही आठ आठवडे टिकत नाही. मग मार्चमध्ये येणाऱ्यानं काय बघायचं आणि मे महिन्यात येणाऱ्यानं काय? तेव्हा माझ्या बायकोनं त्यांना सांगितलं, की इथे एकाच जागी एकावर एक थर लावतात. उशिरा फुलणारे कंद सर्वांत खोल, त्यावर मधले, आणि लवकर येणारे छोटे अगदी वर. वरचे ओसरतात तोवर मधले येतात, ते मावळतात तोवर तळातले. डच लोक घरच्या कुंडीतही हेच करतात आणि त्याला कंदांचा लझानिया म्हणतात.

अप्पांनी लझानिया खाल्लेला नव्हता, तेव्हा ते नाव त्यांच्या डोक्यावरून गेलं. पण बाकीचं नेमकं लागलं. "म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले, "फलाट रिकामा दिसतच नाही!"

मला वाटतं, उभ्या हयातीत फुलांनी त्यांच्या काळजाला पहिल्यांदाच हात घातला तो तिथं.

पुढल्या खेपेला ते मुद्दाम ऑक्टोबरात आले. आल्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी गार्डन सेंटर. तिथे कंदांनी भरलेली खोकी मांडलेली असतात आणि आपण कागदी पिशवीत हवे ते निवडून घ्यायचे. ट्यूलिपच्या खोक्यावर १२ असा आकडा होता. तो कंदाच्या घेराचा, सेंटिमीटरमध्ये. कंद जितका भरदार तितकं फूल खात्रीचं. हे समजताच अप्पांनी खिशातून टेप काढली, सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली, आणि एकेक कंद मापायला घेतला. एक साडेअकरा भरला. तो त्यांनी परत खोक्यात ठेवला, पण काउंटरवरच्या मुलीला दाखवून ठेवला. तिला मराठी येत नव्हतं, तरी कुठल्याशा खात्याचा माणूस तपासणीला आलाय एवढं तिनं ओळखलं.

पंधरा ट्यूलिप, दहा बुटके डॅफोडिल, पंचवीस क्रोकस. ट्यूलिपची जात ‘क्वीन ऑफ नाइट’, सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी, जवळजवळ काळी वाटावी इतकी गडद जांभळी. "काळं फूल देवाला चालतं का?" सासूबाईंनी विचारलं. "शेवटची गाडी आहे ती," अप्पा म्हणाले. "शेवटच्या गाडीचा रंग कुणी बघत नाही."

अप्पांनी मागाहून एक सोळावा ट्यूलिप घेतला होता. तो कापून बघण्यासाठी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की उन्हाळा संपेपर्यंत ट्यूलिपच्या कंदात पुढच्या वसंताचं फूल तयार झालेलं असतं, आणि अप्पांचा ऐकीव माहितीवर विश्वास नाही. स्वयंपाकघरात त्यांनी तो टोकापासून मुळापर्यंत उभा चिरला. पांढऱ्या, मांसल पापुद्र्यांच्या मधोमध एक फिकट पिवळसर कोंब होता आणि त्या कोंबाच्या पोटात, भिंगातून पाहिल्यावर, इवल्या पाकळ्या आणि त्यांच्या आत इवले पुंकेसर. सगळं जागच्या जागी. अप्पा बराच वेळ भिंग धरून राहिले. "ड्युटी लागलेलीच आहे," ते म्हणाले. "नुसता सुटायचा टाइम व्हायचाय."

शेजारच्या डच आजी तेव्हा कॉफीला आल्या होत्या. त्यांनी चिरलेल्या कंदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्न तोडलं तेव्हा, आमच्या आईनं हे शिजवून खाल्ले होते. अप्पांनी सुरी खाली ठेवली आणि दुसरा कंद चिरायचा बेत रद्द केला. आजी पुढे म्हणाल्या, ट्यूलिपचं एक वेळ ठीक, पण डॅफोडिल विषारी असतो. सासूबाई तत्काळ उठल्या आणि त्यांनी डॅफोडिलची पिशवी कांद्याच्या टोपलीशेजारून उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली.

लावणी बघण्यासारखी झाली. कुंडी चाळीस सेंटिमीटर खोल, तितकीच रुंद. आधी तळाची भोकं तपासली, कारण पाणी साचलं की कंद कुजतो. मग वाळू मिसळलेली माती, मग ट्यूलिप, टोकं वर. काठापासून वीस सेंटिमीटर खाली, एकमेकांत बोटभर अंतर. त्यांची टोकं जेमतेम दिसतील इतकी माती, मग डॅफोडिल. पुन्हा माती, मग क्रोकस, वरून सात-आठ सेंटिमीटरवर. इथे अप्पा थांबले. तळातल्यानं निघायचं म्हटलं तर वर दोन मजले गाड्या उभ्या. साइड कोण देणार? मी म्हटलं, कोंब वाट काढतो, वरच्या कंदाला वळसा घालून येतो. त्यांना पटलं नाही. त्यांनी वहीच्या पानावर तिन्ही थरांचे गोल काढले, एकाच्या डोक्यावर दुसरा येणार नाही असे, आणि तो नकाशा बघत बघत, गुडघे टेकून, बॅटरीच्या उजेडात सगळे क्रोकस बसवले. साडेतीन तास लागले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी आपली कुंडी भरली. त्यांनी मूठभर कंद मातीवर टाकले, जिथे पडले तिथे थोडे सरळ केले, माती ओढली, पुन्हा मूठभर टाकले. कॉफी गार व्हायच्या आत काम संपलं. अप्पा बाल्कनीच्या पार्टिशनवरून हे बघत होते. रात्री ते जेवले कमी.

एका बाबतीत मात्र त्या दोघांचं फार जमलं. डच घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात लावतात. म्हणजे रोज एकदा तरी नजर पडतेच, आणि कुणाचा वाढदिवस विसरला जात नाही. आजींनी अप्पांची तारीख विचारून आपल्या कॅलेंडरवर १ जूनला लिहिली. अप्पांना ही व्यवस्था इतकी पटली की त्यांनी आमच्या संडासात कुंडीचं वेळापत्रक लावलं. देवनागरीत, पट्टीनं रेघा मारून. फेरी क्रमांक १, क्रोकस, फेब्रुवारीअखेर. फेरी क्रमांक २, डॅफोडिल, मार्च मध्य. फेरी क्रमांक ३, ट्यूलिप, एप्रिलअखेर ते मे. शेवटी शेरा: ‘वेळा हवामानानुसार बदलू शकतात, तरी बदलू नयेत.’

आता अडचण अशी, की शेंगेनचा पाहुण्यांचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहू देत नाही. ऑक्टोबरात आलेल्या माणसानं जानेवारीत परतायचं आणि एप्रिलच्या आधी यायचं नाही. अप्पांना नियमांबद्दल आदर आहे, त्यांनी तक्रार केली नाही. फक्त कठड्यावर येऊन बसणाऱ्या पोपटांकडे ते रोखून बघत. इथे ॲम्स्टरडॅमच्या आसपास आपल्याकडचे गळ्यात कंठी असलेले पोपट हजारोंनी आहेत. कधीकाळी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही प्रजा. "ह्यांना नव्वद दिवस नाहीत वाटतं," अप्पा म्हणाले. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पहिली आणि दुसरी फेरी आमची, तिसरी त्यांची. कंद घेताना सगळ्यात उशिराचा ट्यूलिप का निवडला होता, ते मला तेव्हा समजलं. कुंडी त्यांनी व्हिसाच्या मापानं शिवून घेतली होती.

निघताना काळजी होती ती थंडीची. कुंडी उघड्यावर, उणे तापमानात, आणि आपण साताऱ्याला गोधडीत, हे त्यांना बरं वाटेना. बायकोनं समजावलं की ट्यूलिपला ही थंडी लागतेच. बारा ते सोळा आठवडे चांगली गार माती मिळाली नाही तर आतलं फूल दांडी घेऊन वर येतच नाही, बुटकं राहतं नाहीतर आतच जळतं. म्हणून तर साताऱ्यात ट्यूलिप होत नाही. अप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मुक्कामी गाडी!" ते म्हणाले. "संध्याकाळी गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते, तेव्हा कुठे पहाटे पहिली फेरी निघते. मुक्काम चुकला की सकाळची पोरं-बाळं, दूधवाले सगळे लटकले." त्यानंतर थंडीचं त्यांनी मनावर घेतलं नाही. कुंडीखाली तीन विटा तेवढ्या सारल्या, भोकं मोकळी राहावीत म्हणून.

मग फोन सुरू झाले. रोज त्यांचे दुपारचे साडेबारा, आमचे सकाळचे आठ. "काय परिस्थिती?" जानेवारीभर परिस्थिती माती हीच होती. क्रोकस फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आले. मी आनंदानं कॅमेरा कुंडीकडे वळवला, तर ढगाळ हवा, आणि क्रोकस उन्हाशिवाय उघडत नाही. पंचवीसच्या पंचवीस पाकळ्या मिटून उभे. "आलेत, पण दार उघडत नाहीत," अप्पांनी नोंद केली. डॅफोडिल ठरल्या आठवड्यात आले. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, ही गोष्ट त्यांना आम्ही सांगितली नव्हती. सोमवारी साडेबाराला फोन केला तर माझे नऊ वाजलेले, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. संध्याकाळी खुलासा केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "अख्ख्या देशानं? आणि कुंडीला कळवलं का?"

कुंडीला कुणीतरी कळवलं असावं. एप्रिल उगवला तो चैत्रासारखा. लोक टीशर्टवर फिरू लागले आणि आमच्या दक्षिणेकडच्या बाल्कनीत ट्यूलिपच्या कळ्यांनी रंग धरायला सुरुवात केली. अप्पांचं तिकीट होतं २४ एप्रिलचं. व्हिसा आधी चालला असता, पण पुतणीचं लग्न २० तारखेला होतं, आणि लग्नाच्या जेवणावळीचं वेळापत्रक अप्पांकडे होतं. मी कळ्या दाखवल्या. अप्पांनी चष्मा पुसला.

"गाडी अर्धा तास आधी सुटतेय," ते म्हणाले. "रोखून धरा."

"म्हणजे काय करू, अप्पा?"

"सावलीत घ्या. गार जागी. जावईबापू, तुम्ही इंजिनिअर आहात."

ते मला जावईबापू म्हणतात तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. आमच्या इमारतीला, इथल्या बऱ्याच जुन्या इमारतींसारखी, पुढच्या अंगाला उत्तरेकडे एक लांब सामायिक गॅलरी आहे, तिथून घरांची दारं उघडतात. उत्तरेची सावली तिथेच. म्हणजे कुंडी बाल्कनीतून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून दाराबाहेर. ओल्या मातीसकट वजन पन्नास किलोच्या घरात. आम्ही ती जुन्या चादरीवर चढवली आणि ओढायला लागलो. बायको मागून, मी पुढून, आणि टेबलावर उभ्या ठेवलेल्या फोनमधून अप्पा: "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावी मारा... बस्स!" आयुष्यभर त्यांनी गाड्या फलाटाला लावून घेतल्या, त्यातल्या एकाही चालकानं उंबऱ्याशी इतका वेळ काढला नसेल. शेजारच्या आजी आवाज ऐकून बाहेर आल्या, बघून आत गेल्या आणि हातगाडी घेऊन परत आल्या. त्यांच्या कुंडीतले ट्यूलिप तेव्हा बाल्कनीत उघडलेले होते, आणि त्या त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून ऊन खात बसत होत्या. लोकांनी फुलं थांबवून का ठेवावीत, हे त्यांनी विचारलं नाही. डच माणूस भेटीची वेळ ठरलेली आहे म्हटलं की पुढे काही विचारत नाही.

सावलीनं काम केलं. कळ्या फुगून होत्या, पण मिटून होत्या. २४ला संध्याकाळी अप्पा आले, बूट न काढता गॅलरीतच थांबले आणि त्यांनी फुलं मोजली. चौदा कळ्या, गडद, लकाकणाऱ्या. पंधरावी जागा रिकामी. "एक ब्रेकडाऊन," ते म्हणाले, आणि वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी कुंडी त्यांच्या देखरेखीखाली परत उन्हात आली आणि दुपारपर्यंत सगळी उमलली. जवळून पाहिलं की तो रंग काळा नसतो. उन्हात पाकळीच्या कडेला वांग्याच्या सालीसारखा जांभळा झळकतो आणि आत बुडाशी निळसर छटा असते. मी हे अप्पांना दाखवायला गेलो. ते संडासातलं वेळापत्रक काढून आणून ‘एप्रिलअखेर’वर बरोबरची खूण करत होते.

सासूबाईंनी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी, अप्पा अंघोळीला गेले असताना, त्यांनी कात्री घेतली आणि सात ट्यूलिप कापून देवासमोरच्या फुलदाणीत ठेवले. काळ्या रंगाबद्दलचा त्यांचा आक्षेप त्यांनीच मिटवला होता, कृष्णाला चालतं म्हणून. अप्पा बाहेर आले, कुंडीकडे बघितलं, फुलदाणीकडे बघितलं.

"अगं, फेऱ्या रद्द केल्यास?"

"वळवल्या," सासूबाई म्हणाल्या.

अप्पा दिवसभर फारसे बोलले नाहीत. कापलेला ट्यूलिप फुलदाणीतही वाढत राहतो, दांडा लांबतो, उजेडाकडे वळतो, ही गोष्ट त्यांना आजींनी संध्याकाळी सांगितली. ऐकून ते उठले. शिवणाच्या डब्यातली टेप काढली, देवासमोर मांडी घातली आणि सातही दांडे मापून आकडे वहीत उतरवले. सकाळी पुन्हा मापले. नऊ मिलिमीटर. मग सासूबाईंना हाक मारून, माईकवरच्या आवाजात, त्यांनी उरलेले सातही कापायची परवानगी दिली.